सुपरहिरो काढायला शिकायचंय? 'हाऊ टू ड्रॉ कॉमिक्स द मार्व्हल वे' घ्याच

ज्यांच्या घरी वहीच्या मागच्या पानावर सारखा स्पायडरमॅन काढणारी पोरं आहेत त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितोय. पुस्तक 1978 चं, मजकूर मार्व्हलचा लेखक-संपादक स्टॅन लीचा, चित्रं तिथलाच चित्रकार जॉन बुसेमाची, आणि खरं सांगायचं तर पैसे वसूल होतात ते बुसेमामुळे. अ‍ॅव्हेंजर्स, सिल्व्हर सर्फर, कोनन, काय काय काढलंय त्या माणसाने, हात किती बसलेला आहे ते पानापानावर दिसतं.

सगळ्यात भारी काय, तर एकच पोझ दोनदा काढून दाखवलीय. पहिल्या चित्रात चूक अशी काहीच नसते, माप बरोबर, हातपाय जागच्या जागी, तरी हिरो एसटीची वाट बघत उभा असल्यासारखा वाटतो. दुसऱ्यात तोच हिरो, पण पाय फाकलेले, कंबर वळलेली, खांदा पुढे घुसलेला, बघताक्षणी कळतं की आता कुणाला तरी बसणार. हे जमतं कसं तेही सांगितलंय, आधी शरीराच्या मधून जाणारी एक झोकदार रेघ, तिच्यावर काड्यांचा माणूस, मग नळकांडी, ठोकळे, गोळे, आणि स्नायू, ड्रेस, केप वगैरे सगळं शेवटी. आपली पोरं बरोब्बर उलटं करतात, आधी डोळे आणि छातीवरचं चिन्ह रंगवून बसतात आणि मग पायांना कागदच उरत नाही!

मापाचंही सोपं करून टाकलंय, साधा माणूस साडेसहा डोकी उंच धरायचा आणि हिरो पावणेनऊ. डोकं जरा लहान ठेवलं की खांदे आपोआप दांडगे दिसतात, माझ्या भाच्याला हे कळल्यापासून त्याच्या चित्रात फरक पडलाय. फोरशॉर्टनिंगचा भाग मात्र अवघड आहे, म्हणजे बुक्की थेट वाचणाऱ्याच्या तोंडावर येतेय असं काढणं, तिथे घाई नको, नुसती नळकांडी वेगवेगळ्या बाजूंनी काढत बसायचं, कंटाळा येतो पण दुसरा इलाज नाही.

पर्स्पेक्टिव्ह (लांबचं लहान, जवळचं मोठं दाखवणं), चेहरे, पॅनलची म्हणजे पानावरच्या चौकटींची मांडणी, कव्हर, इंकिंग (पेन्सिलीच्या चित्रावर शाई फिरवणं) सगळं आहे, पण स्नायू हाडांवर कुठे कसे बसतात ते यात फार खोलात नाही, त्याला अ‍ॅनाटॉमीचं वेगळं पुस्तक लागतंच. आणि बायकांच्या चित्रांचा भाग मला अजिबात पटला नाही. हिरॉईन ताकदवान असली तरी तिचे स्नायू दाखवू नका म्हणतात, का नाही दाखवायचे? मुलींनी तेवढं सोडून द्यावं आणि बिनधास्त दंड काढावेत.

सामान फार लागत नाही, 2बी पेन्सिल, खोडरबर आणि भरपूर पाठकोरे कागद, महागडं स्केचबुक दिलं की पोरं बिचकत बिचकत काढतात. इंग्रजी आहे, त्यामुळे लहान मुलांना शेजारी बसून वाचून दाखवावं लागेल, चित्रं मात्र त्यांची त्यांना कळतात.