आठ महिने ॲपवरून शेतातले कॅम्प बुक केले, नाशिकच्या आसपासचा अनुभव

मागच्या नोव्हेंबरपासून या जूनपर्यंत आम्ही सहा वेळा शेतात टेंट टाकून राहिलो, सगळी बुकिंग एकाच ॲपवरून. असले तीन-चार ॲप आहेत, सगळ्यांची पद्धत साधारण सारखीच, म्हणून नाव घेत नाही. आम्ही म्हणजे मी, मिस्टर, दोन मुलं आणि दोनदा सासूबाई पण होत्या. राहायला गंगापूर रोडला, त्यामुळे दिंडोरी, त्र्यंबक, इगतपुरी सगळं तास-दीड तासाच्या आत, शनिवारी दुपारी निघायचं आणि रविवारी जेवायला घरी.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी, शेतकरी किंवा जमीनमालक आपली जागा ॲपवर टाकतो, फोटो, दर, टेंट त्यांचा की तुमचा, जेवण आहे का, आणि आपण तारीख टाकून पैसे भरतो, ॲप कमिशन कापून मालकाला देतं. अमेरिकेत 2013 ला हिपकॅम्प सुरू झालं तेव्हा ते फक्त कॅलिफोर्नियातल्या सरकारी कॅम्पग्राउंडची माहिती एका जागी शोधायला होतं, खाजगी जमिनी नंतर आल्या. आपल्याकडे सरळ खाजगी जमिनीपासूनच सुरुवात झाली, आणि माझ्या मते सगळी गोची तिथेच आहे, कारण जमीन कोणाची हे ॲप विचारतच नाही.

मार्चमधलं सांगते. इगतपुरी तालुक्यात एका धरणाच्या बॅकवॉटरला बुक केलं, रेटिंग 4.7, फोटोत टेंटच्या दारात पाणी. पोचलो तर पाणी खूप आत गेलेलं आणि टेंट उघड्या पडलेल्या काळ्या मातीवर, भेगा पडलेल्या. मिस्टरांचं बालपण गावाकडचं, ते लगेच म्हणाले ही गाळपेर दिसतेय. गाळपेर म्हणजे पाणी ओसरल्यावर मोकळी होणारी धरणाच्या पोटातली जमीन, ती धरणासाठी संपादित झालेली असते, शेतकऱ्यांना पिकासाठी तेवढ्यापुरती देतात. म्हणजे तिथे कॅम्प लावायचा हक्क त्या माणसाला होता की नाही हाच प्रश्न. रात्री साडेनऊला धरणावरचा चौकीदार बॅटरी घेऊन आला आणि इथे राहता येणार नाही म्हणाला, अगदी नीट बोलला, त्याची काही चूक नव्हती. सात वर्षांची पोरगी झोपलेली, तिला उचलून गाडीत टाकलं आणि रात्री सव्वाअकराला घरी. ज्याने जागा टाकली होती तो मालक नव्हताच, मधला एजंट होता, फोन बंद. ॲपवाल्यांनी नऊ दिवसांनी पैसे परत दिले पण लिस्टिंग अजून तसंच आहे, मी टाकलेला रिव्ह्यू दिसत नाही, याचा मला खरंच राग आहे.

तेव्हापासून पैसे भरायच्या आधी चॅटमध्ये तीन गोष्टी विचारते. जमिनीचा सातबारा कोणाच्या नावावर आहे, रात्री तिथे वस्तीला कोण असतं, आणि पर्यटन संचालनालयाकडे कृषी पर्यटन केंद्र म्हणून नोंदणी आहे का. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आलं, त्यात नोंदणी केली की शेतकऱ्याला प्रमाणपत्र मिळतं. नोंदणी नसलेला प्रत्येक जण वाईट असं माझं अजिबात म्हणणं नाही, पण प्रश्न विचारल्यावर माणूस कसं उत्तर देतो त्यावरून बरंच कळतं. एजंट असला की तो लगेच डिस्काउंटवर येतो.

आता चांगलं. दिंडोरी तालुक्यातला एक द्राक्षाचा मळा, जानेवारीत गेलो. बुकिंग झालं, आणि गुरुवारी काकांचा स्वतःहून फोन, ताई, ढगाळ हवा पडलीय, डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या भीतीने शनिवारी फवारणी घ्यावी लागेल, लेकरं घेऊन येऊ नका, पुढच्या आठवड्यात या. ॲपवर तारीख बदलायची सोयच नाही, रद्द करून परत बुक करा म्हणतं आणि रद्द केलं तर निम्मेच पैसे परत. काकांनी ते नुकसान स्वतःच्या अंगावर घेतलं, पुढच्या वेळी जेवणाचे पैसे घेतले नाहीत. (आम्ही बळेच काकूंच्या हातात दिले.) टेंट बांधाच्या कडेला आंब्याखाली, संडास-बाथरूम त्यांच्या घराचंच पण स्वच्छ, आतून कडी लागणारं, बाहेर रात्रभर दिवा. बाईमाणसाला आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना हे किती महत्त्वाचं आहे ते लिस्टिंग लिहिणाऱ्यांना कळत नाही, तिथे नुसतं 'वॉशरूम उपलब्ध' असतं, मग ते शेतापलीकडे दोनशे पावलांवर का असेना. रात्री चुलीवरची बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा. काकांनी मुलाला मण्यांमधली साखर मोजायचं यंत्र दाखवलं, तो अजून दुकानात द्राक्षं बघितली की ब्रिक्स, म्हणजे साखरेचं माप, किती विचारतो.

थंडीचं एक कळकळीने सांगते. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे, निफाडच्या बाजूला तर पारा पाच-सहापर्यंत उतरतो, आणि एका कॅम्पवर पोरं कोळशाची शेगडी टेंटच्या आत नेत होती, मालक काहीच बोलला नाही, आम्हीच जाऊन थांबवलं. बंद टेंटमध्ये कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. जास्तीची गोधडी न्या, खाली जाड सतरंजी टाका, खरी थंडी जमिनीतून येते. आणि टेंट पाण्याच्या अगदी काठाला लावू नका, पहाटे आतून थेंब गळतात. ॲपवरचे सगळे सुंदर फोटो मात्र काठावरचेच.

बाकीच्या तीन जागा ठीक होत्या, त्यातल्या एका ठिकाणी शेजारच्या ग्रुपचा स्पीकर दीड वाजेपर्यंत चालू, ॲपवर 'रात्री दहानंतर शांतता' लिहिलेलं.

शेवटचं जूनच्या पहिल्या आठवड्यात भंडारदऱ्याकडे काजवे बघायला. मेअखेर ते पाऊस जोर धरेपर्यंत एवढाच मोसम, त्यामुळे ॲपवर दर दुप्पट, आम्ही चौघांचे जेवणासकट 7,200 भरले. मालक तिथलाच तरुण होता, गाडीचे लाइट लांबच बंद करायला लावले, मोबाईलची बॅटरी सुद्धा लावू दिली नाही, कारण काजव्यांचं चमकणं हे नर-मादीचं एकमेकांना बोलावणं असतं आणि उजेड पडला की ते बिघडतं. झाडच्या झाड एका लयीत पेटत-विझत होतं, पोरगी दहा मिनिटं एक शब्द बोलली नाही. ते पैसे मला जड वाटले नाहीत.

पावसाळ्यात आम्ही बंद ठेवलंय. ॲपवर ओढ्याकाठच्या जागा जुलैतही बुकिंगला चालू दिसतात, ते आधी थांबवायला पाहिजे. दिंडोरीचे काका म्हणाले पुढच्या वेळी डायरेक्ट फोन करा, कमिशन वाचेल, पण आम्ही एकदा तरी ॲपवरूनच करणार, त्यांच्या जागेला अजून दोनच रिव्ह्यू आहेत आणि फोटो एकच, तोही ट्रॅक्टरचा. मुलाने जानेवारीत काढलेले फोटो काकांना पाठवलेत, ते ॲपवर कसे चढवायचे हे तो त्यांना फोनवर समजावतोय, छाटणी उरकली की या म्हणालेत.