मराठी संकेतस्थळासाठी योस्ट एसईओ: मोफत आवृत्तीचे परीक्षण

वर्डप्रेस या संकेतस्थळ बनवण्याच्या प्रणालीवर पहिलेच संकेतस्थळ उभारणाऱ्याला ‘गूगलमध्ये दिसायचे असेल तर आधी हे घाला’ असे सांगून जे प्लगिन (वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्राम) सुचवले जाते, ते बहुतेक वेळा योस्ट एसईओ असते. एसईओ म्हणजे संकेतस्थळ शोधनिकालात नीट दिसावे यासाठी करायची कामे. नेदरलँड्सच्या योस्ट डे व्हाल्क यांनी सुरू केलेले आणि २०२१ पासून न्यूफोल्ड डिजिटल या कंपनीच्या मालकीचे असलेले हे प्लगिन लक्षावधी संकेतस्थळांवर चालते. मराठीतून लिहिणाऱ्या नवख्या माणसानेही ते वापरावे असे माझे मत आहे. मात्र त्याच्या तांत्रिक सोयींवर जेवढा विश्वास ठेवावा, तेवढा त्याच्या लेखनविषयक सल्ल्यावर ठेवू नये.

तांत्रिक बाजू खरोखर भक्कम आहे. प्रत्येक पानाचे शोधनिकालात दिसणारे शीर्षक आणि त्याखालचे वर्णन वेगळे लिहिता येते व ते कसे दिसेल याचा नमुना तेथेच पाहता येतो; साइटमॅप, म्हणजे संकेतस्थळावरील पानांची गूगलसाठीची यादी, आपोआप तयार होतो; एकच मजकूर दोन वेबपत्त्यांवर दिसत असेल तर मूळ पत्ता कोणता, हे पानाच्या कोडमधील ‘कॅनॉनिकल टॅग’ या खुणेतून गूगलला कळवले जाते; आणि टॅगनुसार (विषयखुणांनुसार) किंवा तारखांनुसार आपोआप बनणारी दोन-दोन ओळींची पाने शोधात येऊ नयेत असे वाटले तर एका बटणावर काम होते. दुवा व्हॉट्सॲपवर पाठवल्यावर शीर्षक व चित्र नीट दिसावे यासाठी लागणारी माहितीही हेच प्लगिन पानात घालते. मराठी मजकूर आजकाल किती प्रमाणात व्हॉट्सॲपवरून फिरतो हे पाहता ही सोय लहान मानता येणार नाही. वर्णनाबाबत एक गोष्ट मात्र नवख्यांना स्पष्ट सांगायला हवी, की त्याने पानाचा क्रम वर जात नाही. ते वाचून माणूस दुव्यावर बोट ठेवतो की नाही, एवढ्यापुरतेच त्याचे मोल आहे, आणि गूगल पुष्कळदा ते बाजूला ठेवून पानातलेच एखादे वाक्य दाखवते.

अडचण सुरू होते ती लेखनाला शेरा म्हणून प्लगिन दाखवते त्या लाल, नारिंगी आणि हिरव्या दिव्यांपाशी. लोक जे शोधतील असा मुख्य शब्दसमूह आपण द्यायचा आणि तो शीर्षकात, पहिल्या परिच्छेदात, उपशीर्षकांत, पत्त्यात व चित्रांच्या पर्यायी मजकुरात (चित्राचे वर्णन करणाऱ्या ओळीत) आहे की नाही हे प्लगिनने तपासायचे, अशी ही रचना आहे. समजा, देवगडच्या एखाद्या बागायतदाराने ‘देवगड हापूस आंबा’ हा शब्दसमूह दिला आणि पानावर ‘देवगडच्या हापूस आंब्याची पेटी घरपोच मिळेल’ असे साधे, सरळ वाक्य लिहिले, तर माणसाला जे एका नजरेत कळते ते या तपासणीला कळत नाही, कारण ‘आंब्याची’ हे ‘आंबा’चेच रूप आहे आणि ‘देवगडच्या’मध्ये ‘देवगड’ आहे, हे तिला ठाऊक नाही. शब्दांची रूपे ओळखण्याची सोय सशुल्क आवृत्तीत आहे, परंतु ती ज्या भाषांसाठी आहे त्यांत मराठी नाही. परिणामी दिवा हिरवा करण्याच्या ओढीने लोक ‘देवगड हापूस आंबा विकत घ्या, देवगड हापूस आंबा उत्तम आहे’ अशी विभक्तीच हरवलेली वाक्ये लिहू लागतात. हे मला मनापासून खटकते. अशा वाक्यांनी ग्राहकाचा विश्वास उडतो, आणि शब्द कोंबणे हा प्रकार गूगलच्या धोरणातही गैरच मानलेला आहे. शीर्षकात मुख्य शब्द सहजपणे आला आणि पहिल्या दोन-तीन वाक्यांत विषय स्पष्ट झाला, की दिवा लाल असला तरी पुढे जावे.

पत्त्याच्या बाबतीतही असेच. वर्डप्रेस मराठी शीर्षकावरून देवनागरी पत्ता बनवते, पण साठवताना त्यातील प्रत्येक अक्षरचिन्हाची, मात्रा व अनुस्वार धरून, नऊ रोमन चिन्हे होतात आणि मर्यादा २०० चिन्हांची असते; म्हणजे जेमतेम २२ अक्षरचिन्हांनंतर पत्ता मध्येच तुटतो. म्हणून पान प्रसिद्ध करण्यापूर्वी पत्ता रोमन लिपीत, तीन-चार शब्दांत, हाताने लिहावा हे उत्तम. तसे केल्यावर ‘पत्त्यात शब्दसमूह नाही’ अशी तक्रार योस्ट करील. ती खुशाल दुर्लक्षावी. चित्रांच्या पर्यायी मजकुरातही शब्दसमूह घुसडण्यापेक्षा चित्रात काय आहे ते लिहावे, कारण दृष्टिहीन वाचकाला स्क्रीन रीडर तोच मजकूर वाचून दाखवतो.

वाचनीयतेची तपासणी मराठीसाठी फारशी उपयोगाची नाही. वाक्यांची व परिच्छेदांची लांबी मोजण्यापलीकडे तिच्या हाती फारसे काही लागत नाही, तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करावी.

योस्टच्या जोडीला गूगल सर्च कन्सोल, म्हणजे आपले संकेतस्थळ शोधात कसे दिसते ते दाखवणारे गूगलचे साधन, हवेच. तेही मोफत आहे. योस्टने तयार केलेला साइटमॅप तेथे एकदा नोंदवला, की कोणती पाने गूगलच्या इंडेक्समध्ये (शोधसूचीत) आली व कोणती राहिली हे कळते, आणि लोक नेमके काय टाइप करून आपल्यापर्यंत पोहोचले, याची यादी मागील १६ महिन्यांपर्यंत पाहता येते. ग्राहक देवनागरीत शोधतो की रोमन लिपीत, ‘हापूस’ लिहितो की ‘अल्फान्सो’, याचे उत्तर कोणत्याही दिव्याकडे नसते. ते या यादीत असते, आणि पुढच्या पानाचे शीर्षक तिच्यावरूनच ठरवावे.

सशुल्क आवृत्ती मराठी संकेतस्थळासाठी घेण्याची शिफारस मी करणार नाही. जुना पत्ता नव्याकडे वळवण्याची तिची सोय चांगली आहे, पण तेवढे काम ‘रिडायरेक्शन’ नावाचे मोफत प्लगिन व्यवस्थित करते.