सॉरलॉक की क्लेरिकची एक लेव्हल घेतलेला विझर्ड?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत मल्टिक्लास, म्हणजे दोन क्लास (पात्रांचे प्रकार) मिसळून केलेला, जादूगार करायचा म्हटलं की बऱ्याच जणांची गाडी या दोन पर्यायांपाशी येऊन अडते. एक, वॉरलॉकच्या दोन लेव्हल घेतलेला सॉर्सरर, म्हणजे सॉरलॉक. दुसरा, क्लेरिकची एकच लेव्हल घेतलेला विझर्ड. मी दोन्ही लांबलचक कॅम्पेनमध्ये (अनेक बैठका चालणाऱ्या कथेत) खेळलोय. पुढचं सगळं २०१४च्या नियमांना धरून आहे. २०२४च्या नियमांत सबक्लास (क्लासची उपशाखा) तिसऱ्या लेव्हलला मिळतो, त्यामुळे एका लेव्हलच्या क्लेरिकचं गणित तिथे वेगळं पडतं.

आधी सॉरलॉकचं श्रेय त्याला देऊ. एल्ड्रिच ब्लास्ट हा वॉरलॉकचा किरणांचा स्पेल तुमच्या एकूण लेव्हलवर वाढतो, वॉरलॉकच्या लेव्हलवर नाही. त्यामुळे दोन लेव्हल घेतल्या, अ‍ॅगोनायझिंग ब्लास्ट (किरणाच्या डॅमेजमध्ये करिझ्मा मिळवणारी वॉरलॉकची क्षमता) घेतला, की पाचव्या लेव्हलला प्रत्येकी १डी१० (दहा बाजूंच्या एका फाशाइतकं डॅमेज) अधिक करिझ्मा असे दोन किरण हातात येतात, तेही एकही स्लॉट (स्पेल टाकण्याचा मर्यादित साठा) न खर्चता. त्यात क्विकन्ड स्पेलचे (त्याच पाळीत स्पेल झटपट टाकण्याच्या सोयीचे) दोन सॉर्सरी पॉइंट घातले की एकाच पाळीत चार किरण. दोन्ही क्लास करिझ्मावरच चालत असल्याने गुण विभागले जात नाहीत. सुरुवात सॉर्सररने केली तर कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (त्या गुणावर बचावाची फेक करण्यातलं प्रावीण्य) मिळतो, म्हणजे मार खाऊनही कॉन्सन्ट्रेशन (चालू स्पेलवरचं लक्ष) टिकतं. हेक्सब्लेड हा वॉरलॉकचा सबक्लास निवडलात तर मध्यम चिलखत आणि ढालही मिळते. कागदावर या जोडीत खोट काढणं खरंच कठीण आहे.

मला ही जोडी आवडेनाशी झाली ती शॉर्ट रेस्टमुळे, म्हणजे मधल्या छोट्या विश्रांतीमुळे.

वॉरलॉकचे स्लॉट मल्टिक्लासच्या तक्त्यात मिसळत नाहीत. ते वेगळे राहतात आणि शॉर्ट रेस्टनंतर परत येतात. ते मोडून सॉर्सरी पॉइंट करायचे, ही या जोडीची खरी ताकद: दोन लेव्हलच्या वॉरलॉकचे दोन स्लॉट म्हणजे दोन पॉइंट, म्हणजे दर विश्रांतीमागे एक क्विकन्ड स्पेल. पण ती विश्रांती किमान एक तासाची, आणि तो तास सगळ्या पार्टीचा जातो. फायटर आणि मंक असतील तर तेही तुमच्या बाजूने बोलतील. आमच्यात पॅलाडिन, रोग आणि ड्रुइड होते. त्यांना थांबण्यासारखं फारसं काही नसायचं. शत्रू पळतोय, विधी पूर्ण होत आलाय, आणि अशा वेळी ‘एक तास बसूया का?’ हे दरवेळी मीच विचारायचं. कुणी कधी नकार दिला असंही नाही, पण गोष्टीचा वेग माझ्या स्लॉटसाठी तुटतोय हे मला टोचायचं. हळूहळू मी विचारणंच सोडलं, आणि मग त्या दोन लेव्हलचा अर्धा मोबदला कागदावरच राहू लागला. ज्या दिवशी एकच मोठी लढाई असे, त्या दिवशी तर प्रश्नच मिटायचा. नियम गृहीत धरतात तशा दिवसाला अनेक चकमकी आणि मध्ये एक-दोन विश्रांती तुमचा डीएम (खेळ चालवणारा) खरोखर देत असेल, तर तुमचा अनुभव कदाचित अगदी उलट असेल.

विझर्डलाही आर्केन रिकव्हरीसाठी (काही स्लॉट परत मिळवण्यासाठी) शॉर्ट रेस्ट लागते, हे मान्य. पण ती दिवसातून एकदाच, आणि नाही मिळाली तरी बांधणी कोसळत नाही.

दुसरा फरक स्पेल उशिरा मिळण्याचा. क्लेरिकची लेव्हल पूर्ण जादूगाराची असल्याने स्लॉट अडत नाहीत. पाचव्या लेव्हलला तिसऱ्या पातळीचे दोन स्लॉट असतातच. स्पेल मात्र प्रत्येक क्लासचे स्वतंत्र मोजतात, म्हणून फायरबॉल सहाव्या लेव्हलला येतो. ती एक लेव्हल जड जाते, खालचे स्पेल वरच्या स्लॉटमधून टाकून निभवावं लागतं. सॉरलॉकला हाच फायरबॉल सातव्या लेव्हलला मिळतो, आणि मधल्या काळात तिसऱ्या पातळीचा स्लॉटही नसतो.

या एका लेव्हलच्या बदल्यात मिळतं ते चिलखत, ढाल आणि हीलिंग वर्ड. हाफ प्लेट, ढाल आणि डेक्स्टेरिटी १४ धरली तर एसी (बचावाचा आकडा) १९, वर शील्ड स्पेल टाकला की २४. एक लक्षात ठेवा: शील्डला हाताची खूण करावी लागते, म्हणून ढाल धरल्यावर दुसरा हात मोकळा हवा. हातात गदा घेऊन मिरवायचं असेल तर वॉर कास्टर हे फीट (ऐच्छिक कौशल्य) घ्या. तो कॉन्सन्ट्रेशनलाही आधार देतो, आणि या जोडीला त्याची गरज आहेच, कारण कॉन्स्टिट्यूशन सेव्ह इथे आयता मिळत नाही. विझ्डम किमान १३ लागते. क्लेरिकचे स्पेल निवडताना ब्लेस, हीलिंग वर्ड असेच घ्यावेत, म्हणजे कमी विझ्डमचा फटका फारसा बसत नाही. पडलेल्या साथीदाराला बोनस अ‍ॅक्शनमध्ये साठ फुटांवरून उठवणारा विझर्ड पार्टीला किती हवासा वाटतो, हे खेळल्याशिवाय नीट कळणार नाही. लढाई नसते तेव्हाही गायडन्स (साथीदाराच्या कामाला बळ देणारा स्पेल) असतो, वहीतले रिच्युअल (स्लॉट न खर्चता करायचे स्पेल) असतात. सॉरलॉककडे अशा वेळी देण्यासारखं मला कमीच सापडलं. बोलाचालीच्या प्रसंगांत मात्र करिझ्माचा त्याचा वरचष्मा निर्विवाद आहे.

तुमच्या पार्टीत फायटर, मंक किंवा आणखी एखादा वॉरलॉक असेल आणि दर पाळीत घसघशीत डॅमेज हाच तुमचा आनंद असेल, तर सॉरलॉक जरूर घ्या. एरवी मी विझर्डच सुचवीन. त्यातही पहिली लेव्हल क्लेरिकची घ्या. विझ्डम सेव्ह दोन्हीकडून मिळतो, हिट पॉइंट सरासरीने एक जास्त मिळतो, आणि चिलखत-ढाल सुरुवातीच्या सामानातच येते, त्यासाठी सोनं साठवत बसावं लागत नाही.