कौटुंबिक न्यायालयातील तारीख : समक्ष जावे की पडद्यावरून हजर राहावे?

माझे प्रकरण ज्या शहरात चालले ते माझ्या नोकरीच्या गावापासून रात्रभराच्या प्रवासावर असल्यामुळे मी काही तारखा समक्ष केल्या, तर काही दूरदृश्य प्रणालीवरून. ज्यांना हा निर्णय घ्यायचा आहे त्यांच्यासाठी हा अनुभव मांडत आहे. तो एकाच प्रकरणाचा आहे, हे कृपया ध्यानात ठेवावे.

समोरच्या पक्षाचे लेखी म्हणणे यायचे आहे किंवा मुदतीचा अर्ज आहे, अशा तारखेला पडद्यावरून हजेरी लावणे निश्चितच सोयीचे आहे. रजा वाचते आणि खर्चही.

प्रश्न आला तो मुलीला भेटण्याच्या अंतरिम अर्जावर युक्तिवाद व्हायचा होता त्या दिवशी. मी पावणेअकरापासून प्रतीक्षा कक्षात जोडलेला होतो आणि पडद्यावर 'कृपया थांबा' एवढेच दिसत होते. समक्ष असताना शिपायाचा पुकारा व्हरांड्यात ऐकू येतो, बोर्डावर आपल्या आधी किती प्रकरणे उरली आहेत हे लिपिकाला विचारता येते आणि वकील दुसऱ्या दालनात अडकले असतील तर तसे सांगून प्रकरण दुसऱ्या पुकाऱ्याला ठेवून घेता येते. पडद्यासमोर यांपैकी काहीच माझ्या हाती नव्हते. सव्वातीनला वकिलांचा फोन आला तेव्हा रोजनाम्यात 'अर्जदार गैरहजर' अशी नोंद होऊन गेली होती आणि पुढची तारीख अकरा आठवड्यांनंतरची पडली होती. ज्या हिंदू विवाह कायद्याचे कलम २१-ब अर्ज सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे सांगते, त्याच कायद्याखालील प्रकरणात अकरा आठवडे असे जावेत, याचे मला आजही वाईट वाटते.

समुपदेशकांसमोरच्या बैठकीबाबतही माझा कल समक्ष जाण्याकडेच आहे. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ समेटाच्या प्रयत्नावर भर देतो आणि पक्षकाराची इच्छा असल्यास सुनावणी बंद दालनात घेण्याची तरतूद करतो; पडद्यापलीकडच्या खोलीत आणखी कोण बसले आहे, हे मात्र कळत नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने समेटाचे प्रयत्न फसल्यानंतर आणि दोन्ही पक्षांच्या संमतीनेच ही प्रणाली वापरावी असे म्हटले होते, ते मला पटते. करोनाकाळानंतर तिचा वापर बराच वाढला आहे.

परदेशी असलेल्यांना किंवा तान्हे मूल असलेल्या आईला कदाचित पडदाच योग्य ठरेल. मी मात्र त्यानंतरची प्रत्येक महत्त्वाची तारीख रात्रीची गाडी पकडून समक्ष केली, आणि मुलीच्या भेटीचा आदेश अशाच एका तारखेला, दुपारच्या सुट्टीनंतर, दुसऱ्या पुकाऱ्याला झाला.