नवव्या प्रश्नातला 'किंवा'

आत्महत्येचा धोका तपासायला टेबलावर पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली ठेवायची की आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारणारी कोलंबिया, असं नवे समुपदेशक विचारतात. सोलापूरच्या पूर्व भागात मी दोन्ही वापरल्या आहेत. दोन्हींना पैसे पडत नाहीत.

पीएचक्यू झोप, भूक, थकवा विचारत हळूहळू नवव्या प्रश्नाशी येते, म्हणून माणूस बिचकत नाही. २७ पैकी गुण मिळतात. काही आठवड्यांनी पुन्हा भरून घेतली की फरक कळतो. नैराश्य मोजायला मी आजही तीच काढतो.

माझं अडलं ते नवव्या प्रश्नातल्या 'किंवा'पाशी. मेलेलं बरं असं वाटणं किंवा स्वतःला इजा करावीशी वाटणं, दोन्ही एकाच ओळीत. दिवसभर विड्या वळून कंबर धरलेली बाई 'देवानं उचललं तर सुटेन' असं सहज म्हणते. तिचं उत्तर 'काही दिवस', गुण १. मनात सगळं ठरवून बसलेल्या पोराचंही उत्तर 'काही दिवस', गुण १. असा एका पोराचा कागद माझ्याच हातून फाईलला लागला होता. एकूण ६, म्हणजे सौम्य. घरी निघाल्यावर ती नववी ओळ आठवली, तसाच मागे फिरलो आणि फोन लावला. तो बोलला, नंतर उपचारालाही आला. पण तेव्हापासून बेरजेवर माझा भरवसा उरला नाही.

कोलंबियाची सहा प्रश्नांची छोटी आवृत्ती नेमकी हीच गाठ सोडवते. मरण यावंसं वाटतं का, हा पहिला प्रश्न. जीव द्यायचा विचार आला का, हा दुसरा. दुसऱ्याला 'हो' आलं तर इरादा आणि बेत यांबद्दल पुढं विचारायचं. 'नाही' आलं तर थेट सहावा: कधी प्रयत्न किंवा तयारी केली होती का, आणि ती गेल्या तीन महिन्यांत का? ती बाई आणि तो पोरगा इथं दुसऱ्याच प्रश्नाला वेगळे होतात.

सुरुवातीला विचारताना जीभ जड होते, हे खरं. पण विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. आमच्याकडे वेगळीच अडचण: तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या आजींचं भाषांतर सून करते. सुनेसमोर कुठली आजी खरं सांगेल? त्या भाषेतला सहकारी बोलवा, घरच्यांना बाहेर बसवा.

गर्दीच्या ओपीडीत पीएचक्यूच सोयीची, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. तिथं फक्त नववं उत्तर आधी बघा, बेरीज मागाहून; शून्य नसेल तर कोलंबिया काढा. पुढं काय होईल हे कुठलीच प्रश्नावली सांगत नाही. ब्रिटनमध्ये उपचारांसाठी मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या नाइस संस्थेनं २०२२ मध्ये अशा मोजपट्ट्यांवरून भाकीत करू नका, असंच बजावलंय. म्हणून 'धोका कमी' आला तरी मी पुढची तारीख आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर हातात दिल्याशिवाय कुणाला उठू देत नाही.