वासरांच्या खुराकात सरकी ढेप की सोयाबीन पेंड?

गोठ्यात दोन महिन्यांची वासरे आणि वर्षाच्या कालवडी दोन्ही असलेल्या एका पशुपालक मित्राला खुराकासाठी सरकी ढेप (कापसाच्या बियांची पेंड) आणि सोयाबीन पेंड यांपैकी एकच घ्यायची होती. विदर्भात नुसते ‘ढेप’ म्हटले तरी बहुधा सरकीचीच समजली जाते, त्यामुळे त्याचा कल आधीच ठरलेला होता.

किमतीचा हिशेब पोत्यावर न करता प्रथिनांवर करावा. तेल काढून उरलेल्या सोयाबीन पेंडीत साधारण ४५ टक्के प्रथिने असतात, तर टरफलासह गाळलेल्या सरकी ढेपेत २२ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे सोयाबीन पेंड किलोमागे दुप्पट महाग असली, तरी प्रथिने जवळपास त्याच भावात पडतात.

खरा फरक सुरक्षिततेचा आहे. सरकीत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असते; मोठ्या जनावराच्या कोठीपोटात (पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात) ते बरेचसे निष्प्रभ होते, परंतु लहान वासराचे कोठीपोट अजून तयार झालेले नसल्याने ते शरीरात शोषले जाऊन हृदयाला व यकृताला अपाय करू शकते. शिवाय टरफलाचा चोथा वासराला नीट पचत नाही. सोयाबीन पेंड मात्र पुरेशी उष्णता दिलेली हवी, कारण कच्च्या सोयाबीनमधील घटक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात. साठवणीत दोन्ही सारख्याच नाजूक. ओल लागली की बुरशी येते.

म्हणून सहा महिन्यांखालील वासरांना मक्याच्या भरड्यासोबत सोयाबीन पेंडच द्यावी. त्यापुढील, नीट रवंथ करणाऱ्या कालवडींना सरकी ढेप बेताने चालते.