वस्तीवरची शाळा की समूह शाळा? ठराव करण्याआधी

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण आयुक्तांनी वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळांचे, म्हणजे जवळपासच्या लहान शाळा मिळून एक मोठी शाळा करण्याचे, प्रस्ताव मागवले. नमुना म्हणून नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातलं पानशेत पुढे ठेवलं. तसा प्रस्ताव तुमच्या शाळा व्यवस्थापन समितीसमोर आला, तर नव्या इमारतीचं चित्र क्षणभर बाजूला ठेवा आणि आधी शिक्षक मोजा.

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला ६० पटापर्यंत २ शिक्षक, ९० पर्यंत ३, १२० पर्यंत ४ आणि २०० पर्यंत ५. समजा, चार वस्त्यांवर प्रत्येकी पंधरा मुलं आहेत. या हिशेबाने आज चार शाळांत मिळून आठ शिक्षक. शाळा एक केली की पट साठ आणि शिक्षक दोन! इमारत नवी, पण एका खोलीत दोन-तीन इयत्ता तशाच, फक्त पोरं जास्त. ‘प्रत्येक वर्गाला स्वतंत्र शिक्षक’ हे समूह शाळेचं आश्वासन खरं व्हायला पट १२० च्या वर जावा लागतो. संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शिक्षकपदं मंजूर करण्याचे, राज्याचे निकष मध्येच बदलतात, म्हणून सध्याचे निकष लावून किती पदं मिळतील हे गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून लेखी घ्या.

सहावी ते आठवीचं गणित वेगळं. तिथे विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांना वेगवेगळे शिक्षक हवेत असं कायदाच म्हणतो, आणि सात मुलांच्या शाळेत ते जमत नाही. एकत्र आलं की प्रयोगाचं साहित्य वापरात येतं, कबड्डीचे दोन संघ होतात, चौदा वर्षांच्या मुलीला बरोबरीच्या मैत्रिणी मिळतात. राज्याच्या नियमांतही पाचवीपर्यंत शाळा एक किलोमीटरच्या आत आणि पुढे तीन किलोमीटरच्या आत हवी, असा फरक आहेच.

अंतरावरच खरी मेख आहे. एसटीचा मोफत प्रवास मुलींना पाचवीपासून मिळतो. पहिलीतल्या पोराचं काय? वस्तीवरची शाळा असली की मोठी बहीण धाकट्याला अंगणवाडीत सोडून पुढे वर्गात जाते, आईला रोजगार बुडवावा लागत नाही. समूह शाळेत हे सगळं बसच्या वेळेला बांधलं जातं, आणि ओढ्यावरचा फरशी पूल पाण्याखाली गेला की त्या दिवशी शाळा नाही.

तरीही नवी इमारत बांधायची ठरली, तर जागेचे दोन पर्याय बहुधा असतात. केंद्रशाळेच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या मुख्य शाळेच्या, आवारातच खोल्या वाढवल्या तर जागेचे कागद, नळ, वीज तयार असतं, पण मैदान आक्रसतं आणि बांधकाम चालू असताना वर्ग मंदिरात भरतात. गायरानावर मोकळी जागा मिळते, पण मोजणी, परवानगी, पाणी यात वर्षं जाऊ शकतात. माझा कल पहिल्याकडे, मैदान वाचत असेल तरच.

नकाशा बघताना खोल्यांआधी बस कुठे वळणार ते विचारा. मुलं रस्त्यावर नव्हे, आवारात उतरली पाहिजेत, तीही छपराखाली. सह्याद्रीच्या पावसात उघड्या पत्र्याखाली बाईंचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही, तेव्हा पत्रा असेल तर खाली छत हवंच. पश्चिमेचा व्हरांडा रुंद घ्या. पोषण आहाराचं स्वयंपाकघर वाढीव पटाचं धरा, आणि ताप आलेल्या मुलाला झोपवायला एक खोली ठेवा, कारण घर आता हाकेच्या अंतरावर नाही. रॅम्प आणि मुलींची वेगळी स्वच्छतागृहं कायद्यातच आहेत, त्यावर घासाघीस नको.

मला विचाराल तर पाचवीपर्यंत वस्तीवर आणि सहावीपासून समूह शाळेत, ही विभागणी बरी. वस्तीचा पट तीन-चारवर आला असेल आणि रस्ता बारमाही असेल, तर मात्र लहानांनाही हलवण्याचा विचार करायला हरकत नाही. तीन मुलांत खेळ रंगत नाही आणि वादही होत नाहीत.

ठरावात तीन गोष्टी घाला: बसचा खर्च कोणत्या निधीतून आणि किती वर्षं, मंजूर शिक्षकपदं किती, आणि नवी शाळा एक पूर्ण पावसाळा चालेपर्यंत जुनीचा यूडायस क्रमांक (शाळेचा सरकारी नोंदणी क्रमांक) बंद करायचा नाही, जुन्या खोल्यांचं निर्लेखनही (निकामी ठरवून पाडणं) नाही.